दख्खनच्या दर्ग्यांचे परदेशी विद्यार्थी : कंधारच्या बाजूनें एक परीक्षण

गेल्या पन्नास वर्षांत दक्षिणेंतील मुसलमान समाजाविषयीं इंग्रजींत जे ग्रंथ निघाले, त्यांपैकीं तिहींची गांठ घेतल्यावांचून ह्या विषयांत कोणासही पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. पहिला रिचर्ड ईटन यांचा ‘सूफीज ऑफ बिजापूर’ (१९७८), दुसरा कार्ल अर्नस्ट यांचा ‘इटर्नल गार्डन’ (१९९२) आणि तिसरा नाइल ग्रीन यांचा ‘इंडियन सूफिझम सिन्स द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी’ (२००६). पैकीं पहिला व तिसरा हे मूळचे विद्यार्थिदशेंतील प्रबंध होत. ईटन अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे विद्यार्थी, ग्रीन लंडनचे. परक्या देशीं जावें, तेथील भाषा शिकावी, दर्ग्याच्या ओट्यावर मुजावरांजवळ बसावें, त्यांच्या घरचीं बाडें उघडवून घ्यावीं व मग लिहावें, ह्या पद्धतीनें ते तयार झाले. अर्नस्ट यांचा प्रबंध निराळ्या विषयावर झाला होता; तथापि खुलदाबादेविषयींचा त्यांचा ग्रंथ ह्याच पद्धतीचा आहे.

अशा ग्रंथांची चर्चा ह्या त्रैमासिकांत करण्याचीं कारणें दोन. एक तर त्यांचा पाया कलमी ग्रंथांवर आहे, आणि कलमी ग्रंथ म्हटले कीं साधन कोणतें, तें कोणत्या काळचें व कोणाच्या हातचें, हे तीन प्रश्न आमच्या वाचकांच्या तोंडीं आपोआप येतात. दुसरें कारण असें कीं, ह्या तिघांचा मुक्काम विजापूर, खुलदाबाद व औरंगाबाद (आजचें छत्रपती संभाजीनगर) येथें पडला. गोदावरीच्या पुढच्या ओघावरील नांदेड व बालाघाटावरील लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील कंधार, माहूर, उदगीर, औसा हीं स्थळें त्यांपैकीं एकाही ग्रंथाचा विषय नाहींत. तेव्हां ह्या ग्रंथांचें परीक्षण करावयाचें तर तें त्यांनीं वगळलेल्या भूमीवर उभें राहून करावें, असें आम्हांस वाटलें. तसें केल्यानें ग्रंथकारांचे गुणदोष तर दिसतातच, परंतु आमचेही दिसतात.

प्रथम ईटन. त्यांच्या ग्रंथाचा मोठा गुण हा कीं, त्यांनीं ‘सूफी’ म्हणून एकच एक मूर्ति मानिली नाहीं. सूफी म्हणजे संसारावर पाणी सोडलेला ध्यानस्थ फकीर, ही जी सरसकट समजूत होती ती त्यांनीं मोडली. लढवय्ये, सुधारक, ग्रंथकार, इनामदार व मस्त दरवेश असे वर्ग पाडून, एकाच विजापुरांत १३०० पासून १७०० पर्यंत हीं माणसें दरबाराशीं, जमिनीशीं व सामान्य लोकांशीं कशीं निरनिराळ्या नात्यांनीं बांधलीं होतीं, हें त्यांनीं दाखविलें. इनामदार सूफींचें प्रकरण तर मराठी संशोधकानें अवश्य वाचावें. सनदेनें जमीन मिळाली कीं पिराच्या वंशजाची बोली कशी बदलते, हें आमच्या देवस्थानांच्या इनामदारांवरून ताडून पाहतां येतें.

परंतु लढवय्या सूफींच्या प्रकरणीं ईटन यांचा पाय घसरला. तेराव्या-चौदाव्या शतकांत हातांत तरवार घेऊन दक्षिणेंत उतरलेले जे पीर त्यांनीं उभे केले, त्यांचा मुख्य आधार फार मागाहून, कांहीं तर एकोणिसाव्या शतकांत रचलेल्या औलियाचरित्रांचा आहे. चारपांचशें वर्षांनीं लिहिलेल्या करामतींवरून पहिल्या पिढीचा इतिहास लिहिणें म्हणजे चिटणिशी बखरीवरून शिवकालाचा निवाडा करण्यासारखें आहे. हा आक्षेप अर्नस्ट यांनीं स्पष्टपणें घेतला आणि तो आम्हांस सर्वथैव मान्य आहे.

अर्नस्ट यांनीं खुलदाबादेस, म्हणजे जुन्या रौझ्यास, जें केलें तें राजवाड्यांच्या मार्गानें चालणाऱ्या कोणासही आपलेंच वाटेल. शेख बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यु इ. स. १३३७) यांच्या भोंवतीं काशानी घराण्यांतील भाऊ शिष्य म्हणून होते. त्यांपैकीं रुक्नुद्दीन इमाद यांनीं ‘नफाइसुल अन्फास’ व हम्माद यांनीं ‘अहसनुल अक्वाल’ हे गुरूच्या संभाषणांचे संग्रह लिहिले. हे मलफूजात गुरूच्या सहवासांत बसलेल्या माणसाच्या हातचे, म्हणजे समकालीन. ह्याउलट मोठमोठ्या औलियांच्या नांवावर मागाहून बसविलेले पुष्कळ संग्रह फिरत असतात. अस्सल व उत्तरकालीन ह्यांची अशी वाटणी करून अर्नस्ट यांनीं पाहिलें, तों समकालीन संग्रहांत धर्मांतराची मोहीम नाहीं, तरवारही नाहीं. आहे ती साधनेची शिस्त, गुरुशिष्यांचे व्यवहार आणि समा म्हणजे भजनश्रवण यांची चर्चा. हजारोंना मुसलमान केल्याच्या कथा येतात त्या मागच्या थरांत. हिंदु अभिमानी लेखक ज्या कथा आक्रमणाचा पुरावा म्हणून देतात व मुसलमान अभिमानी लेखक ज्या पराक्रमाचा पुरावा म्हणून देतात, त्या दोहोंचा उगम एकाच उत्तरकालीन थरांत आहे, हा निष्कर्ष ह्यांतून निघतो. दोन्ही पक्षांस तो सारखाच गैरसोयीचा आहे आणि म्हणूनच तो पुनः पुनः सांगितला पाहिजे.

येथवर कागदाचा जय झाला. परंतु तेवढ्यानें संपत नाहीं, हें ग्रीन यांच्या ग्रंथानें कळतें. पाणचक्कीचे बाबा पलंगपोश व बाबा मुसाफिर, शाह नूर हम्मामी, निजामुद्दीन औरंगाबादी ह्या मोगली काळच्या पिरांपासून आरंभ करून ते बन्ने मियां (मृत्यु १९२१) ह्या इंग्रजी काळच्या फकिरापर्यंत येतात. बन्ने मियांच्या करामतींचें उर्दू पुस्तक आमच्यापैकीं बहुतेकांनीं भाकडकथा म्हणून बाजूस टाकिलें असतें. ग्रीन यांनीं त्यास उलट प्रश्न केला: हें पुस्तक जुन्या काळाविषयीं कांहीं न सांगो, ज्या काळीं तें रचलें त्या काळाविषयीं तें काय सांगतें? तेव्हां त्यांतून हैदराबाद कंटिन्जन्टच्या शिपायांचें जग बाहेर पडलें. बढती, रजा, आजार, साहेबाची मर्जी ह्यांसाठीं फकिराकडे धांवणारा फौजी माणूस सरकारी दप्तरांत फारसा आढळत नाहीं, तो येथें आढळला. ह्या धाग्यावर त्यांनीं पुढें ‘इस्लाम अँड द आर्मी इन कलोनियल इंडिया’ (२००९) हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. उत्तरकालीन साधन खोटें नाणें नव्हे. तें दुसऱ्या टांकसाळीचें नाणें आहे, ही दृष्टि त्यांस केवळ ग्रंथालयांत बसून आली नसती. दर्ग्यांत बसल्यावर तें पुस्तक आजही कोण वाचतो, कोणास वाचून दाखवितो व कां, हें दिसतें. त्यावरून साधनाची खरी जात ओळखूं येते.

तात्पर्य, अर्नस्ट यांनीं कागदाची कसोटी दिली आणि ग्रीन यांनीं कानाची. ह्या दोन्ही कसोट्या एकाच स्थळीं लाविल्या तर काय होतें, हें पाहण्यास कंधारसारखें स्थळ नाहीं.

नांदेड जिल्ह्यांत मन्याड नदीजवळ वसलेलें कंधार हें राष्ट्रकूटांच्या काळचें नगर. तेथील किल्ल्यांत व आसपास निरनिराळ्या राजवटींचे थर एकावर एक बसले आहेत. किल्ल्यांतील अरबी-फारसी लेख निजाम संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम यझदानी यांनीं प्रसिद्ध केले. त्या लेखांत बांधकामाच्या संबंधांत आका रूमी हें नांव येतें. रूमी म्हणजे रूमचा, अर्थात् तुर्की मुलुखाचा. मराठवाड्यांतील एका तालुक्याच्या गांवीं बुरुजाच्या चिऱ्यावर तुर्काचें नांव असावें, ह्याचें आज नवल वाटतें. त्या काळीं तें वाटत नसावें. गांवाचा जो मोठा दर्गा, तो हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा. परंपरा त्यांस चौदाव्या शतकांत ठेविते व रिफाई संप्रदायाशीं जोडते. ‘सय्याह’ ह्या शब्दाचा अर्थच मुळीं प्रवासी, देशोदेशीं हिंडणारा. तेव्हां विद्येसाठीं अथवा साधनेसाठीं परदेश हिंडावा, ही गोष्ट कंधारास अमेरिकन विद्यार्थ्यांकडून शिकावयाची नव्हती.

ह्याचा सर्वांत मोठा दाखला त्याच गांवच्या एका विद्वानाचा आहे. मौलाना अनवारुल्ला फारूकी यांचा जन्म हिजरी १२६४ (इ. स. १८४८) मध्यें कंधार येथें झाला. हिजरी १२९२ मध्यें त्यांनीं हैदराबादेस जामिया निजामिया ही पाठशाळा काढिली. सहावे व सातवे निजाम हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. हे मौलाना सुमारें तीन वर्षें मदिनेस राहिले. तेथें त्यांनीं काय केलें, तें हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावें. तेथील ग्रंथसंग्रहांतील दुर्मिळ ग्रंथांच्या नकला त्यांनीं स्वतःच्या खर्चानें करविल्या व त्या दक्षिणेंत आणिल्या. त्यांत ‘कन्झुल उम्माल’ हा हदीसांचा प्रचंड संग्रह होता. त्याचे संकलक अली मुत्तकी हे मूळचे बुऱ्हाणपूरचे. मक्केस जाऊन राहिले व तेथेंच इ. स. १५६७ मध्यें वारले. म्हणजे तापीकांठच्या माणसानें मक्केंत रचलेला ग्रंथ मन्याडकांठच्या माणसानें मदिनेंत उतरवून घेतला, आणि तो हैदराबादेच्या दायरतुल मआरिफ ह्या संस्थेनें, जिच्या स्थापनेंत (१८८८) मौलानांचाही हात होता, प्रथम छापिला. आज जगांतील अरबी ग्रंथालयांत त्या छापाचा उल्लेख होतो. नक्कल केली, मूळ मालकापाशीं ठेविलें आणि छापून सर्वांस खुलें केलें, हा तो व्यवहार. कोणाही शोधकाच्या परदेशगमनाचें माप घ्यावयाचें तर तें ह्या मापानें घ्यावें.

ह्या मापास वरील तीन ग्रंथ लावून पाहिले तर पहिल्या दोन अंगीं ते उतरतात. ग्रंथकारांनीं मूळें मालकांपाशींच ठेविलीं, आधार कोठले तें प्रामाणिकपणें नमूद केलें. तिसऱ्या अंगीं मात्र उणीव राहिली. ज्या दर्ग्यांच्या ओट्यांवर हे ग्रंथ तयार झाले तेथील मुजावरास ते वाचतां येत नाहींत, आणि ज्या मराठी समाजाच्या मध्यें ते दर्गे उभे आहेत त्यासही ते सहज पोंचत नाहींत. हा दोष केवळ परदेशी ग्रंथकारांचा म्हणतां येणार नाहीं. कारण भाषांतर करणें हें काम त्यांचें नसून आमचें होतें.

कंधारच्या नांवावरून आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. फारसींत अफगाणिस्थानचें कंदाहार व आमचें कंधार हीं दोन्ही एकाच अक्षरांनीं लिहितात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत व एकोणिसाव्याच्या आरंभीं होऊन गेलेले सूफी ग्रंथकार शाह रफीउद्दीन हे ह्याच नांदेडकडील कंधारचे. परंतु त्यांच्या नांवापुढील ‘कंधारी’ हें उपपद पाहून यादी करणारा परक्या ठिकाणचा माणूस त्यांस सहज अफगाण ठरवील. म्हणून फारसी हस्तलिखितांच्या कोणत्याही यादींत ‘कंधारी’ दिसलें कीं गुरुपरंपरा, कागद व लेखनस्थळ पाहिल्यावांचून तो ग्रंथ सिंधुपार पाठवूं नये. अशी चूक ग्रंथालयांत बसून सुधारत नाहीं. ती कंधारास गेल्यानें सुधारते. स्थलपाहणीचा उपयोग कोणता, ह्यास ह्याहून उघड उत्तर नाहीं.

आतां भाषेचा प्रश्न. वरील तिन्ही ग्रंथकारांचें बळ फारसी व उर्दू, आणि ईटन यांचें दखनीही. मराठी साधनें त्यांच्या विवेचनांत प्रधान नाहींत. ह्याचा परिणाम ईटन यांच्या चक्कीनाम्यांच्या सुंदर प्रकरणांत दिसतो. जात्यावर दळतांना स्त्रियांनीं म्हणावीं म्हणून सूफींच्या गोटांतून निघालेलीं दखनी गीतें त्यांनीं उजेडांत आणिलीं आणि सूफी विचार घराच्या माजघरांत कसा शिरला तें दाखविलें. परंतु जात्यावरची, कांडणाची ओवी ही महाराष्ट्राची त्याहून जुनी ठेव, तिचा उल्लेख कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त (इ. स. ११२९) येतो. कल्याणी लातूर जिल्ह्याच्या शिवेपासून दूर नाहीं. तेव्हां चक्कीनामा व ओवी ह्यांचा चरणाचरणाचा ताळा घेऊन कोणी कोणाकडून काय घेतलें हें ठरविण्याचें काम अद्याप राहिलें आहे, आणि तें दखनी व मराठी दोन्ही कानीं असलेल्या माणसाचें आहे. मराठवाड्यांत अशीं माणसें अजून घरोघर आहेत.

दुसरें उदाहरण कंदुरीचें. मराठवाड्यांतील पिरास नवस फेडतांना जें बकऱ्याचें जेवण घालतात त्यास कंदुरी म्हणतात. आणि तें घालणारीं घराणीं पुष्कळदां कुणब्यांचीं असतात. फारसींत कंदुरी म्हणजे दस्तरखान, जेवणाचें वस्त्र. शब्द फारसी, नवस मराठी, जेवण सर्वांचें. केवळ मलफूजात वाचणाऱ्यास ही कंदुरी सांपडणार नाहीं. केवळ उरुसांत हिंडणाऱ्यास शब्दाचें मूळ कळणार नाहीं. लातूर शहरांतील सुरत शहावली दर्ग्याविषयीं लोक सांगतात कीं, सैफुल्ला शाह यांनीं तेथें समाधि घेतली. मुसलमान साधूच्या थडग्यास ‘समाधि’ म्हणणें हें अज्ञान नव्हे. तो एका भाषेचा दुसऱ्या धर्मास दिलेला आदर आहे. माहूरचीही गोष्ट तशीच. रेणुका व दत्त ह्यांच्या त्या क्षेत्रीं सोनापीराचा दर्गा आहे, आणि ज्या दत्तसंप्रदायाचें तें स्थान, त्याच्या कथांत दत्त मलंगाच्या वेषानें येतो.

ह्या बाजूनें पाहिलें तर स्लोव्हाकियाचे दुशान देआक यांचें काम अधिक जवळचें वाटतें. मराठी ग्रंथांत कोठें शहादत तर कोठें शहा दत्त असा दिसणारा जो गूढ फकीर, त्याचा शोध त्यांनीं २०१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत घेतला. एलिनॉर झेलियट यांनीं एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’चें इंग्रजी भाषांतर केलें. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील महाविद्यालयांचा जो संघ पुष्कळ वर्षें आपले तरुण विद्यार्थी पुण्यास अभ्यासार्थ पाठवीत असे, त्याच्याशींही झेलियट यांचा निकट संबंध होता. ते विद्यार्थी मराठी शिकत, मराठी घरांत राहत व एखादा लहानसा विषय घेऊन त्याची स्वतः पाहणी करीत. थोड्या महिन्यांत एवढ्या कोंवळ्या विद्यार्थ्यानें मुसलमान समाजाविषयीं काय जाणावें, असा आक्षेप घेतां येईल. आम्ही तो घेत नाहीं. थोड्या महिन्यांत ग्रंथ होत नाहीं हें खरें. परंतु ज्याच्या घरीं चहा घेतला त्याच्याविषयीं सरसकट विधान करतांना माणसाची लेखणी अडखळते. हें अडखळणें हीच पाहणीची पहिली कमाई होय.

आणि आमचें काय? उदगीर म्हटलें कीं आम्हांस ३ फेब्रुवारी १७६० आठवतो, भाऊसाहेबांचा जय आठवतो, इब्राहीमखान गारद्याच्या तोफा आठवतात. त्याच गांवीं किल्ल्यांत उदागिरी महाराजांची समाधि व गांवांत खाजा सदरोद्दीन यांचा दर्गा आहे. त्यांच्या कागदांची विचारपूस किती जणांनीं केली? ग. ह. खरे यांनीं ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड मंडळातर्फें काढून मराठी संशोधकांस फारसी कागद कसा वाचावा याचा धडा घालून दिला. रा. चिं. ढेरे यांनीं ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहिलें. यू. म. पठाण यांनीं संतसाहित्याच्या अभ्यासांत जन्म घालविला. आणि लातूर जिल्ह्यांतील निलंग्यास १९१० मध्यें जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनीं तर फारसी, उर्दू व मराठी ह्या तिन्ही वाटा एका पायानें चालून दाखविल्या; त्यांचा ‘सूफी संप्रदाय’ हा ग्रंथ १९५३ चा, म्हणजे ईटन यांच्या ग्रंथापूर्वीं पंचवीस वर्षांचा आहे. पगडी ज्या निजामी राज्यांत वाढले व अधिकारी झाले तेथें उर्दू ही कचेरीची भाषा होती. १९४८ नंतर ती कचेरीची राहिली नाहीं व मराठी मुलांनीं ती सोडून दिली. राज्य बदलल्यावर भाषा बदलणें स्वाभाविक व न्याय्य होतें. परंतु दोन पिढ्यांत असें झालें कीं, नातवास आजोबांच्या हातचा कागद वाचतां येईना. हें हिंदु घरांतही झालें. आजोबांचीं उर्दू टिपणें असलेले मराठी वकिलांचे, पाटलांचे, मास्तरांचे रुमाल ह्या दोन जिल्ह्यांत आजही मुके होऊन पडले आहेत.

ह्याच १९४८ सालाविषयीं बोलल्यावांचून नांदेड-लातूरकडील मुसलमान समाजाच्या कोणत्याही पाहणीस अर्थ नाहीं. रझाकारांच्या जुलमाचा काळ व त्यामागून सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई ह्यांविषयीं ह्या भागांतील दोन्ही समाजांच्या आठवणी अजून ओल्या आहेत. कारवाईनंतर भारत सरकारनें पंडित सुंदरलाल यांच्या मंडळास संस्थानांत पाठविलें. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळले असें त्या मंडळानें नोंदविलें. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें व त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्यें झाला. सर्व संस्थानांतील मृतांचा अंदाज त्या अहवालांत २७ ते ४० हजार असा दिला आहे. शेजाऱ्यांनीं शेजारी वांचविल्याच्याही नोंदी त्यांत आहेत. हा अहवाल कित्येक दशकें दाबून राहिला व २०१३ च्या सुमारास सर्वांस वाचावयास मिळाला. टेलर शर्मन यांनीं त्यानंतरच्या हैदराबादी मुसलमानांच्या नागरिकत्वाचा इतिहास २०१५ मध्यें लिहिला. तो सरकारी दप्तरांवर उभा आहे आणि तेवढ्या मर्यादेंत उत्तम आहे.

संशोधकास ह्यांतून घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. एखाद्या दर्ग्याचा अथवा घराण्याचा शजरा १९४८ पाशीं तुटला असेल, तर तो बनावट होता म्हणून तुटला असें मानूं नये. ज्या घरचा माणूसच राहिला नाहीं त्याच्या घरचें दप्तर कोठून राहावें? उलटपक्षीं, आठवणींतून सांगितलेली प्रत्येक संख्या व प्रत्येक नांव कागदावांचून इतिहास म्हणून लिहूं नये. अर्नस्ट यांची कसोटी व ग्रीन यांची कसोटी येथें एकत्र लाविली नाहीं, तर एक पक्ष सर्व कांहीं विसरेल व दुसरा नसलेलेंही आठवील. ही गोष्ट आतां लांबणीवर टाकण्यासारखी नाहीं. कारण त्या वर्षीं जे दहा वर्षांचे होते ते आज जवळजवळ नव्वदीच्या घरांत आहेत.

दर्ग्याचे कागद दाखविण्यास लोक कां कचरतात, हेंही समजून घेतलें पाहिजे. सनद ही त्यांच्या लेखीं इतिहासाचें साधन नसून हक्काचें आहे. ‘मश्रूत-उल-खिदमत’ म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली जमीन. ती कोणाची, किती व कशासाठीं, ह्यावर इनामें नष्ट करण्याच्या कायद्यापासून (१९५४) आजच्या वक्फ प्रकरणांपर्यंत वाद चालले आहेत. अपरिचित माणूस, मग तो लंडनचा असो वा पुण्याचा, सनदेचा फोटो मागूं लागला तर मुजावराच्या मनांत प्रथम कोर्ट उभें राहतें. परदेशी विद्यार्थ्यास कित्येकदां कागद लवकर मिळतो, त्याचें कारण त्याची विद्या हें नसून त्याचा त्या वादांत कांहीं हितसंबंध नाहीं हें आहे. हा लाभ प्रामाणिकपणें मान्य करून आमच्या शोधकांनीं तोच विश्वास निराळ्या मार्गानें मिळविला पाहिजे.

तो मार्ग आमच्या मतें साधा आहे. कागद मालकाच्या घरींच ठेवून त्याची नक्कल किंवा छायाचित्र घ्यावें व एक प्रत मालकास द्यावी. वाचन, मराठी भावार्थ व कागदाचें माप, शाई, शिक्के, तारखा ह्यांचें टांचण त्याच वेळीं करावें. मालकाची संमति असेल तरच त्याचें नांव छापावें. जमिनीच्या चतुःसीमा वादाच्या असतील तर त्या छापण्यापूर्वीं मालकाशीं बोलावें. आणि कागदाविषयीं घरांतील वडील माणसें जें सांगतील तें, विश्वसनीय वाटो वा न वाटो, निराळ्या पानावर त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावें. कागदाच्या वाचनांत मिसळूं नये. ह्यांत नवीन कांहीं नाहीं. अर्धें खरे यांचें आहे, अर्धें ग्रीन यांचें. आणि सर्वांच्या आधीं तें कंधारच्या मौलानांनीं मदिनेस आचरिलें आहे.

परीक्षणाचा शेवट करतांना तिन्ही ग्रंथांचें आमचें ऋण नमूद करणें अवश्य आहे. ईटन यांनीं प्रश्न विचारले, अर्नस्ट यांनीं साधनें चाळणींतून काढिलीं, ग्रीन यांनीं टाकाऊ मानलेलें साधन बोलतें केलें. त्यांच्या ग्रंथांतील उणीवा बहुतांशीं आमच्या आळसाच्या आहेत. नांदेडास १९९४ पासून विद्यापीठ आहे. कंधार तेथून पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्यानें दोन वर्षें फारसी शिकून त्या गांवीं बसावें, तर जें काम परदेशी विद्यार्थ्यास समुद्र ओलांडून करावें लागतें तें त्यास एस. टी. च्या तिकिटांत करतां येईल. ज्या संग्राहकांपाशीं कंधार, माहूर, उदगीर, औसा किंवा निलंगा येथील फारसी, उर्दू अथवा दुभाषी कागद असतील, त्यांनीं त्यांची निदान यादी तरी ह्या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी विनंति आहे. यादी छापली गेली तर वाचणारा आज ना उद्यां भेटेल, मग तो कोणत्याही देशाचा असो.